थंडीच्या दिवसांतला लंगोट

डिसेंबरात सकाळी सातला दोरीवरचा लंगोट हातात घ्यावा, तर तो रात्री दहाला होता त्याहून ओला लागतो. नाशिक, निफाड, जुन्नर, गोंदिया, कुठेही हाच अनुभव. रात्रभर वारा लागेल, निदान अर्धवट तरी वाळतील, या हिशेबाने बाहेर ठेवलेले डझनभर लंगोट सकाळी पुन्हा पिळायची वेळ येते आणि घरात बाळ तासातासाला शू करत असतं. थंडीत कापडी लंगोट नकोच, असं ठरवणाऱ्या पुष्कळ घरांचा धीर इथेच सुटतो. वास्तविक महाराष्ट्रातली थंडी कपडे वाळवायला पावसाळ्यापेक्षा कितीतरी चांगली. तिची वेळ तेवढी ओळखावी लागते.

रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन, छप्पर, दोरी, कापड सगळं आपली उष्णता आकाशाकडे सोडतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडतं. अशा गार कापडाला टेकलेल्या हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. हे दव. शिवाय कापूस स्वतःच हवेतला ओलावा ओढून घेतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना हाताला कोरडं लागणारं सुती कापडही आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी बाळगून असतं. पहाटे हवा वाफेने पूर्ण भरली की हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जातं.

दुपारी त्याच हवेचं रूप पालटतं. १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ९ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. पुण्यात किंवा नाशकात पहाटे १० अंशांवर काठोकाठ भरलेली हवा दुपारी २८ अंशांवर पोचते तेव्हा तिच्यातली वाफ तेवढीच असते, पण मावण्याची जागा जवळजवळ तिप्पट झालेली असते. ही भुकेली हवा ओलं कापड बघता बघता सुकवते. म्हणून थंडीत लंगोटाचं वेळापत्रक सूर्यावर बांधावं. रात्रीचे लंगोट सकाळी धुवून दहाच्या आत दोरीवर जावेत, दुपारचे दोनच्या आत, आणि चार-साडेचारला, दोरी गार पडायच्या आधी, सगळे घरात यावेत. संध्याकाळी धुतलेले घरातच पंख्याखाली. किनारपट्टीला हवा थोडी दमट असली तरी मुंबई-रत्नागिरीतही जून ते सप्टेंबरच्या मानाने डिसेंबर-जानेवारी वाळवणीला सुखाचाच जातो.

वाळण्याच्या दृष्टीने जुन्या मराठी लंगोटाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. मऊ सुती साडीचा किंवा धोतराचा साठ-सत्तर सेंटिमीटरचा चौकोन. तो कर्णावर दुमडला की त्रिकोण होतो. त्रिकोणाची लांब बाजू बाळाच्या कमरेखाली, टोक पायांमधून वर, दोन्ही बाजूंची टोकं पोटावर आणून सैल गाठ. नाळ पडलेली नसेल तर ही गाठ आणि कापडाची कड बेंबीच्या खाली राहायला हवी, म्हणजे नाळेला हवा लागते आणि शू लागत नाही. ओल जास्त शोषावी म्हणून आत एका जुन्या फडक्याची लांबट घडी ठेवायची. वापरताना बाळाच्या अंगाखाली सहा-आठ पदर, दोरीवर मात्र एकच पदर. बाजारात मिळणाऱ्या शिवलेल्या पॅडमध्ये चार-सहा थर कायमचे एकत्र टाचलेले असतात. वापरायला ते सोपे, पण मधल्या थरापर्यंत वारा पोचत नाही आणि जानेवारीत असं पॅड पुरतं वाळायला कधी कधी दुसरी दुपार उजाडते. ज्यांना शिवलेले डायपर वापरायचे आहेत त्यांनी आतली घडी सुटी निघणारा किंवा उलगडणारा प्रकार घ्यावा. थंडीत हा एक निकष बाकी सगळ्या रंगीबेरंगी गुणांपेक्षा मोलाचा आहे.

जुनीच साडी का, याला भावनेखेरीज कारण आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो आणि नव्या कापडाला खळ असते. दोन्ही पाण्याला अडवतात. अनेक धुण्यांनंतर ते निघून जातं आणि तंतू शू झटकन ओढून घेतो. बाळंतविड्यात आलेले नवेकोरे लंगोट म्हणूनच सुरुवातीला शू वरच्यावर ओघळू देतात. ते गरम पाण्यात चार-पाचदा धुऊन, वाळवून मगच कामाला घ्यावेत.

संख्येचा हिशेबही आधीच करून ठेवावा. पहिल्या काही आठवड्यांत बाळ दिवसाला पंधरा-वीस वेळा शू करू शकतं. थंडीत अंगावाटे जाणारं पाणी कमी होतं, तेव्हा लंगोट उन्हाळ्यापेक्षा लवकर भिजल्यासारखे वाटतात. एक दिवसाचे अंगावर, एक दिवसाचे दोरीवर आणि ढगाळ दिवसासाठी थोडे राखीव, असं धरलं तर साध्या लंगोटांचे तीन डझन लागतात. ते जुन्या साड्यांतून काढता येतात.

आता बाळाच्या अंगाकडे वळू. ओल्या लंगोटाने बाळाला थंडी वाजते हे प्रत्येक आजी सांगते. ते किती खरं आहे हे आकड्यांत पाहिलं की लंगोट बदलायचा कंटाळा कुणी करणार नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबाने. बाळाची एका वेळची शू २० मिलिलिटर धरली, तर ती सगळी उडून जायला जवळजवळ १२ किलोकॅलरी लागतील. तीन किलोचं नवजात बाळ शांत पडलेलं असताना त्याचं शरीर तासाला पाच-सहा किलोकॅलरीच उष्णता तयार करतं. थोडी उष्णता हवेतून आणि पांघरुणातून येते, सगळा भार बाळावर पडत नाही हे खरं. तरी एका ओल्या लंगोटाची मागणी त्या इवल्या देहाच्या दोन तासांच्या कमाईएवढी आहे. त्यातच पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. कोरड्या सुती कापडातली ऊब ही तंतूंमध्ये अडकलेल्या हवेची असते. तिथे शू भरली की ऊब गेलीच.

नवजात बाळाचं शरीर या बाबतीत मोठ्यांपेक्षा दुबळं असतं. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या अडीच ते तीनपट असतं, म्हणजे उष्णता गळायला तेवढी जागा जास्त. मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब निर्माण करणं त्याला जमत नाही. त्याच्याजवळ मानेमागे, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एक खास तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब मिळवतं. हा साठा थोडा असतो, आणि कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाजवळ तर फारच थोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. ३६.५ च्या खाली गेलं की बाळ गारठायला लागलं असं समजायचं. गारठलेलं बाळ दूध ओढत नाही, दूध कमी पडलं की आणखी गारठतं. म्हणून ही गोष्ट हलक्याने घ्यायची नसते.

महाराष्ट्राला हे गडचिरोलीने शिकवलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचं वजन, तापमान, श्वास पाहत आणि कमजोर बाळाला ऊब कशी द्यायची ते आईला दाखवत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गावांतले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरी येऊन बाळ तपासतात त्यामागे हाच अनुभव आहे. त्यांच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटरसोबत बाळासाठी एक ब्लँकेटही असतं.

आशाताई आईला जी साधी तपासणी शिकवतात ती लंगोट बदलताना प्रत्येक वेळी करता येते. हात आधी एकमेकांवर चोळून कोमट करायचे. मग हाताची पाठ बाळाच्या पोटाला लावायची, नंतर तळपायाला. पोट आणि पाय दोन्ही उबदार, तर बाळ सुखात आहे. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजायला लागली आहे. लंगोट तपासावा, मोजे-टोपडं घालावं, बाळाला छातीशी धरावं. पोट आणि पाय दोन्ही गार लागले तर थांबायचं नाही. बाळाला उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घालायचं, दूध पाजायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

छातीशी धरण्याचा हा उपाय आज जगभर 'कांगारू मदर केअर' म्हणून ओळखला जातो. कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या एका रुग्णालयात १९७० च्या दशकाच्या शेवटी बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्या वेळी बाळाच्या अंगावर तीनच गोष्टी असतात: टोपडं, मोजे आणि लंगोट. त्यातला ओला होऊ शकणारा एकच. म्हणून या बाळांचा लंगोट फार वेळ भिजलेला ठेवून चालत नाही.

कडक थंडीच्या प्रदेशांत माणसांनी या ओलीवर काय काय तोडगे काढले, ते पाहताना मन भरून येतं. उत्तर अमेरिकेतल्या क्री आणि ओजिब्वे लोकांनी बाळासाठी चामड्याच्या किंवा कापडाच्या पिशवीत स्फॅग्नम नावाचं वाळलेलं शेवाळ भरलं. हे शेवाळ आपल्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवतं आणि मुळात आम्लधर्मी असतं. शूतून तयार होणारा अमोनिया अल्कलीधर्मी, त्यामुळे शेवाळ त्वचेचं संरक्षणच करतं. भिजलेलं शेवाळ फेकून नवं भरायचं. उणे तीस अंशांच्या हिवाळ्यात धुणं-वाळवणं दोन्ही टळलं. मध्य आशियात, उझबेकिस्तान-ताजिकिस्तानच्या बाजूला, 'बेशिक' नावाचा लाकडी पाळणा असतो. त्यात बाळाला लंगोटाऐवजी सुमक नावाची एक पोकळ नळी लावतात, आणि शू गादीतल्या भोकातून थेट खालच्या भांड्यात जाते. अंथरूण कोरडं राहतं. युरोपात हिवाळ्यासाठी लोकरीची चड्डी लंगोटावरून चढवत. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के वाफ शोषूनही ओली लागत नाही. तिच्यातलं लॅनोलिन पाण्याला बाहेरच्या बाजूने थोपवतं आणि आतल्या वाफेला वाट देतं.

आपल्याकडे वर काही घालण्याऐवजी खाली घालायची रीत होती. मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर दुपटं. शू आरपार जाऊ द्यायची आणि दुपटं बदलायचं. दिवसा, जागं माणूस जवळ असताना, यासारखी चांगली व्यवस्था दुसरी नाही. शू झाली की लगेच कळतं आणि लगेच बदललं जातं. पण रात्री तिची कसोटी लागते. पहाटे, उजाडायच्या सुमारास, तापमान सर्वांत खाली असतं, आई थकून झोपलेली असते आणि दुपट्यापर्यंत पोचलेली ओल पाठीला, कधी झबल्यालाही गारवा देत राहते.

रात्रीसाठी म्हणूनच थरांचा विचार वेगळा हवा. सगळ्यांत बाहेर पाणी न सोडणारं आवरण. हल्ली ते पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेल्या कापडाचं मिळतं. ते जुन्या प्लास्टिकच्या चड्डीसारखं पूर्ण कोंडत नाही, थोडी वाफ जाऊ देतं. मध्ये शोषणारा सुती भाग, दिवसाच्या दुप्पट जाड. आणि अंगाला लागून फ्लीसचा एक सुटा तुकडा. फ्लीस पॉलिएस्टरचं असल्याने ते स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही. शू त्याच्या विणीतून खाली सुतात उतरते आणि त्वचेला कोरडा पृष्ठभाग मिळतो. मायक्रोफायबरची पॅडं झटकन शोषतात आणि लवकर वाळतात, पण दाब पडला की पाणी परत सोडतात, आणि थेट अंगाला लागली तर त्वचेचा ओलावाही ओढून घेतात. त्यांना मधल्या थरातच ठेवावं. अशा बांधणीने तीन-चार तास निभतात. त्यानंतर बाळ दुधासाठी उठलं की बदलायचंच.

बाहेरच्या आवरणात सुधारणा झाली तीही एका आईच्या त्रासातूनच. अमेरिकेत मेरियन डोनोव्हन यांनी १९४६ च्या सुमारास न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापून लंगोटावरचं आपलं पहिलं आवरण शिवलं, पुढे त्यासाठी पॅराशूटचं नायलॉन वापरलं आणि टोचणाऱ्या पिनांच्या जागी बटणं लावली. १९४९ मध्ये न्यू यॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यू या दुकानात ती आवरणं विकायला आली.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. एकदा वापरून टाकायचे डायपर त्वचा कोरडी ठेवण्यात कापडापेक्षा सरस आहेत. त्यातली सोडियम पॉलिअॅक्रिलेटची भुकटी शूचं जेल करून टाकते आणि दाबलं तरी ओल परत येत नाही. प्रवासात, लग्नघरात, आईला ताप आलेला असताना किंवा घरात दुसरं माणूस नसताना रात्री एखादा असा डायपर लावला म्हणून कुणी आईला टोचून बोलू नये. बाळ सात-आठ तास एकाच डायपरमध्ये ठेवणं मात्र दोन्ही प्रकारांत वाईटच.

पर्यावरणाच्या बाजूने कापडाचा फायदाही वाळवण्यावरच ठरतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला. टाकाऊ डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो आणि सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडी डायपरमुळे ५७० किलो, असं त्यात दिसलं. तेच कापड दोरीवर वाळवलं, मशीन भरून धुतलं आणि दुसऱ्या बाळालाही वापरलं, तर भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. विजेच्या ड्रायरने तो चढतो. आपल्याकडे ऊन आणि दोरी दोन्ही फुकट, आणि लंगोट धाकट्या भावंडाला जायचेच. टाकाऊ डायपर शेवटी कुणाच्या हातात जातो, तेही डोळ्यांसमोर ठेवावं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो वेगळा गुंडाळून द्यायला सांगितलं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी अशा पुडीवर लाल ठिपका काढून द्या, असं आवाहन घरोघरी केलं, कारण ती पुडी उघड्या हाताने उकलण्याची वेळ त्यांच्यावर येत होती.

थंडीत धुण्याची खरी अडचण तेलाची होते. बाळाला रोज मालिश, बहुधा खोबरेल तेलाने. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीत नळाचं पाणी त्याहून पुष्कळ गार असतं. मग तेल कापडावर मेणासारखं बसून राहतं, साबण त्याला हलवू शकत नाही आणि आठवड्याभरात लंगोट शू शोषायचं सोडून देतो. पाण्याचा एक थेंब कोरड्या लंगोटावर टाकून पाहावा. तो मोत्यासारखा वर राहिला तर तेल किंवा साबण अडकला आहे. उपाय सोपा: पाणी किमान ४० अंश, हाताला चांगलं गरम लागेल असं हवं. बंबात किंवा सोलरवर तापवलेलं पाणी आंघोळीनंतर उरतं ते लंगोटांना द्यावं. शी लागलेला लंगोट मात्र आधी गार पाण्यात खळबळायचा, मग गरम पाण्यात घालायचा. आधीच गरम पाणी घातलं तर शीतली प्रथिनं तंतूंना धरून बसतात.

मराठवाड्यात आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात बोअरचं जड पाणी वापरतात. साबणाला फेस येत नाही आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा राखाडी थर तयार होऊन कापड कडक होतं. कडक लंगोट मांड्यांना घासतो. अशा ठिकाणी वडीच्या साबणापेक्षा डिटर्जंट पावडर बरी, मोजकीच घ्यावी आणि शेवटचं विसळणं दोनदा करावं. कपड्यांना मऊपणा आणणारं सुगंधी द्रव लंगोटाला कधीच घालू नये. ते तंतूंवर थर चढवतं आणि शोषण बंद करतं. कापड मऊ हवं असेल तर वाळताना एकदा झटकून, वाळल्यावर हातात चोळून घ्यावं. ते पुरतं.

पिवळे डाग धुऊनही राहतात, याचंही औषध दोरीवरच आहे. अंगावर दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा रंग बऱ्याच अंशी बिलिरुबिन या रंगद्रव्याचा, आणि बिलिरुबिन उजेडात मोडतं. हे वैद्यकाला उमगलं ते एका परिचारिकेच्या बारीक नजरेमुळे. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ मध्ये सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत. कावीळ झालेल्या एका बाळाच्या अंगावर चादरीने झाकलेला भाग पिवळा राहिला आणि उघडा भाग फिका झाला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्याच सुमारास खिडकीत उन्हात राहून गेलेल्या एका रक्ताच्या नळीत बिलिरुबिन कमी भरलं. डॉ. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि आज नवजात कक्षांतल्या निळ्या दिव्यांखाली काविळीची बाळं बरी होतात. लंगोट ओला असतानाच, डाग सूर्याकडे करून पसरला, तर एक-दोन दुपारींत डाग पुसट होतो. बाळाच्या काविळीवर मात्र घरचं ऊन पुरत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावं.

ऊन नसलं की जुन्या घरांत शेगडी यायची. निखाऱ्यांवर उपडी टोपली, टोपलीवर लंगोट, आणि बाजूला ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी. वाळलेला उबदार लंगोट बाळाला सुख देतो यात शंका नाही, पण ही पद्धत आता थांबवायला हवी. बंद खोलीत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. थंडीमुळे दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत झोपेतच माणसं दगावतात ती यामुळे. धुरीचा धूरही बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. लंगोटातला शेवटचा दमटपणा काढायला इस्त्री पुरेशी आहे. सुती लंगोटावर दोन हात फिरवले की तो कोरडाही होतो आणि अंगाला लावताना गारही लागत नाही. इस्त्री केलेला लंगोट मिनिटभर पसरून ठेवावा, मनगटाला लावून पाहावा, मग बांधावा.

थंडीच्या भीतीने होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बाळाला पाय सरळ करून दुपट्यात करकचून गुंडाळणं. बाळाच्या खुब्याचा सांधा जन्मतः पूर्ण बसलेला नसतो. पाय गुडघ्यात वाकलेले आणि बाहेर फाकलेले राहिले तरच मांडीच्या हाडाचं गोल टोक वाटीत नीट रुजतं. जपानमध्ये बाळांचे पाय सरळ राहतील असे लंगोट आणि कपडे बांधत. १९७५ च्या सुमारास तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी आज्या आणि आयांसाठी देशव्यापी मोहीम घेतली: पाय मोकळे सोडा. त्याआधी शंभरात एक ते साडेतीन बाळांचा खुबा निखळलेला आढळे. मोहिमेनंतर हे प्रमाण हजारात दोनच्या आसपास आलं. हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांत हा दोष जास्त आढळे, कारण तीच बाळं जास्त घट्ट गुंडाळली जात. वर सांगितलेल्या बेशिक पाळण्यातही पाय सरळ बांधतात आणि तीच त्याची उणी बाजू आहे. आपला जाडसर त्रिकोणी लंगोट मात्र मांड्यांमध्ये राहून पाय आपोआप फाकलेले ठेवतो. वरून दुपटं गुंडाळायचं तर छातीशी जरा घट्ट, कमरेखाली सैल. बाळाने आत पाय झाडले पाहिजेत. आणि झोपताना तोंडावर, डोक्यावरून सरकेल असं सुटं पांघरूण नको. त्यापेक्षा झबल्यावर एक झबलं बरं.

थंडी सुरू झाली की माळ्यावरची ट्रंक खाली येते. मोठ्या भावंडाचे लंगोट, आजीने विणलेलं टोपडं, कुंची. त्यांत बहुतेक वेळा डांबराच्या गोळ्या टाकलेल्या असतात. त्या गोळ्या नॅप्थलीनच्या असतील तर ते कापड बाळाला तसंच घालणं धोक्याचं आहे. ज्या बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनच्या वाफेने फुटतात. मग कावीळ झपाट्याने चढते, आणि फार चढली तर मेंदूला इजा होते. विकराची ही उणीव पारशी, सिंधी आणि अनेक आदिवासी समाजांत तुलनेने जास्त आढळते, आणि बहुतेक घरांना ती आपल्यात आहे हे माहीतही नसतं. तेलाने मालिश केलेल्या त्वचेतून नॅप्थलीन अधिक सहज आत शिरतं. गोळ्यांचा वास येणारे कपडे बाळ जन्माला यायच्या दोन-तीन आठवडे आधीच काढावेत, गरम पाण्यात धुवून रोज उन्हात घालावेत, आणि एवढं करूनही वास राहिला तर त्या बाळाला ते घालूच नयेत. पुढच्या भावंडासाठी लंगोट ठेवताना ते पूर्ण वाळवून, सुती कापडाच्या बोचक्यात, कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा थोड्या लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवले, तर गोळ्यांची गरज पडत नाही.